नॉर्बच्या नोव्हाचं नाकाड

आमच्या आणि नॉर्बर्ट वॉयतालाच्या अंगणांच्या मध्ये एक कुंपण आहे. ते कशासाठी घातलं होतं हे आता कुणालाच आठवत नाही. माझ्या आठवणीत त्याचा उपयोग कोपरं टेकायलाच झालाय. त्यामुळे नॉर्बबद्दल मी जे सांगणार आहे ते ऐकीव नाही. बरंचसं मी स्वतः पाहिलंय, आणि जे पाहिलं नाही ते त्याच्या बायकोनं, कॉनीनं, मला सांगितलंय. म्हणजे ते पाहिल्यापेक्षाही पक्कं.

नॉर्ब आता साठी ओलांडलेला. जन्मभर त्यानं लोकांच्या तळघरातल्या भट्टीपासून वरच्या खोल्यांपर्यंत गरम हवेचे पत्र्याचे नळ बसवले. मिशिगनातल्या आमच्या या गावात निम्मी माणसं जानेवारीत गारठून मरत नाहीत, यात त्याचा वाटा आहे, आणि ही गोष्ट तो दर जानेवारीत सांगतो. बाकी बोलायला सावकाश. कॉफी घेणार का विचारलं, तर आधी घड्याळ बघतो, मग आभाळ बघतो, मग "घेतो" म्हणतो. तोवर कॉफी निवलेली असते. लग्नाचं विचारू विचारू म्हणत त्यानं तीन उन्हाळे घालवले. चौथ्या उन्हाळ्यात कॉनीनंच विचारलं. तेव्हाही त्यानं आधी आभाळाकडे बघितलं होतं, असं ती सांगते.

या माणसानं आयुष्यात एकच निर्णय झटपट घेतला, तो म्हणजे गाडी. शेव्हर्ले नोव्हा, सत्तर सालची, निळी, दोन दारांची. आत ट्रक ओढेल एवढं इंजिन आणि बाहेरून शाळेतल्या बाईंची गाडी वाटावी इतकी साधी. बॉनेट तर टेबलासारखं सपाट. एक विधवा बाई ती चर्चच्या बिंगोला जाण्यापुरती वापरायची. तिनं विकायची म्हणून पाटी लावली आणि नॉर्ब पाटीसकट गाडी घरी घेऊन आला.

त्या बॉनेटमुळेच पुढचं सगळं झालं, म्हणून आता जाजांकडे वळायला हवं.

जाजा म्हणजे नॉर्बचे वडील, झिग्मंट. वय अठ्ठ्याऐंशी. आमच्या पोलिश घरांत आजोबांना जाजा म्हणतात, पण यांना अख्खी गल्ली जाजा म्हणते. फादरसुद्धा. जाजांनी पत्रे दाबायच्या कारखान्यात उमर काढली. दाराएवढे पत्रे यंत्राखाली जायचे आणि गाड्यांची बॉनेटं होऊन बाहेर यायची. मग पांढरा सुती हातमोजा घालून जाजा त्यांच्यावरून हात फिरवायचे. डोळ्याला दिसत नाही तो पोचा हाताला लागतो, आणि उघड्या हाताला लागत नाही तो मोज्यातल्या हाताला लागतो. हे मला जाजांनी इतक्या वेळा सांगितलंय, की मी टरबूज घेतानाही मोजा घालतो.

नोव्हा घरी आली त्या दिवशी जाजा मोजा घेऊन आले. बॉनेटवरून काचेपासून पुढच्या कडेपर्यंत हात फिरवला आणि म्हणाले, "हे माझं आहे."

सत्तर साली देशात नोव्हाची बॉनेटं किती दाबली गेली असतील याचा विचार कुणी केला नाही. जाजा म्हणाले, विषय संपला.

"उंचवटे काय, कुणीही दाबतो," ते मला कुंपणावरून म्हणाले होते. "पत्र्याला वाकायचंच असतं. सपाट पत्रा सपाट ठेवायचा, याला काम म्हणतात."

तेव्हापासून रीतच पडली. मे महिन्यात नॉर्ब गाडी गॅरेजमधून बाहेर काढायचा आणि जाजा मोजा घालून बॉनेट तपासायचे. ऑगस्टमध्ये गावातल्या जुन्या गाड्यांची फेरी निघते, चर्चच्या आवारातून मुख्य रस्त्यानं नदीपर्यंत. त्या फेरीत जाजा कामगार संघटनेचं जाकीट घालून नॉर्बच्या शेजारी बसायचे, आणि लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून त्यांना हात करायचे. म्हाताऱ्याचं वर्ष त्या फेरीपासून त्या फेरीपर्यंत चालायचं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जाजांना एक धाकटा भाऊ होता, चेस्टर. त्र्याऐंशी साली त्यानं जपानी गाडी घेतली. त्या दिवसापासून जाजा त्याच्याशी बोलले नाहीत. नाताळच्या जेवणाला दोघं एकाच टेबलावर बसायचे आणि मीठ हवं असेल तर मधल्या माणसाकडून मागायचे. चेस्टर गेला तेव्हा जाजा शवपेटीपाशी बराच वेळ उभे होते. आम्हाला वाटलं, आता विरघळले. मग ते चेस्टरच्या बायकोला म्हणाले, "इथं कुठल्या गाडीनं आलात?"

आता नॉर्बनं काय केलं ते ऐका.

दीड वर्षापूर्वी तो कामातून मोकळा झाला, आणि मोकळा माणूस जे करतो तेच त्यानं केलं. चांगल्या चालणाऱ्या वस्तूला हात घातला. थंडीत त्यानं नोव्हाच्या इंजिनावर नवा, दुप्पट मोठा कार्ब्युरेटर बसवला, आणि त्याच्याखाली त्याला शोभेल अशी उंच बैठक. काम नेटकं झालं. मग त्यानं बॉनेट खाली घेतलं, आणि ते कार्ब्युरेटरच्या डोक्यावर टेकून मगरीच्या जबड्यासारखं उघडंच राहिलं.

मी तेव्हा तिथंच घडीच्या खुर्चीत बसलो होतो.

"नॉर्ब, उघडं राहतंय."

"दिसतंय मला."

"मापं घेतली नव्हतीस?"

"घेतली होती."

"कशाची?"

त्यानं हातातला पाना पुसून ठेवला. "कार्ब्युरेटरची," तो म्हणाला.

"मग जुना परत बसव."

"एकदा चालू करून बघितलाय मी हा." त्यानं इंजिनाकडे असं बघितलं, जसं त्यानं कॉनीकडे बघितलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. "आता जुना नाही बसवणार, जेरी."

आमच्याकडे अशा गाड्यांना यावर एक उपाय करतात. बॉनेटला भोक पाडायचं आणि त्यावर पत्र्याचं नाकाड बसवायचं. उंच इंजिन खाली मावतं, आणि पुढच्या उघड्या तोंडातून गार हवा आत जाते. दुकानात ते प्लास्टिकचं तयार मिळतं. नॉर्बला तयार नको होतं.

"जन्मभर लोकांच्या घरात हवेला वाट करून दिली," तो म्हणाला, "आता माझ्या गाडीला विकतचं नाक लावू?"

"आणि जाजा?"

नॉर्बनं आभाळाकडे बघितलं. गॅरेजमध्ये आभाळ नव्हतं, पण त्यानं त्या दिशेला बघितलं.

बॉनेट कापलं गेलं ते ईस्टरच्या उपासांच्या आदल्या मंगळवारी. त्या दिवशी गावभर पोंचकी खातात, जॅम भरलेले तळलेले गोळे, एकेक मुठीएवढा. नॉर्बनं चार खाल्ली, वर बिअर घेतली, आणि हाताची साखर न झटकता कापायचं यंत्र उचललं. जाजांच्या हाताखालून गेलेल्या पत्र्यातून ठिणग्या उडाल्या तेव्हा मी टोपी काढली. कुणीतरी काढायला हवी होती.

नाकाडाचा नमुना त्यानं पोंचकीच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा केला.

"त्या खोक्यात अजून सहा होती," कॉनी दारातून म्हणाली.

"टेबलावर ठेवलीयत."

"टेबलावर तेलाची चिंधी होती."

"त्याच्या बाजूला ठेवलीयत."

पत्र्याचं पहिलं नाकाड धुराड्याच्या टोपीसारखं झालं. मी म्हणालो, "नॉर्ब, वसंतात यात पाखरं घरटं करतील." त्यानं ते बाजूला ठेवलं. दुसरं पावाच्या डब्यासारखं झालं. त्याबद्दल मी काही बोललो नाही, फक्त लोणी आणायला घरात गेलो. तिसरं मात्र जमलं. पुढे रुंद, मागे उतरतं, धावायच्या बेतातल्या बैलाच्या नाकपुडीसारखं. जाड पोलादी पत्र्याचं, कारण नॉर्बला पातळ काही करताच येत नाही. त्यानं ते जोडलं, घासलं, निळं रंगवलं. एप्रिलअखेर गॅरेजचं दार उघडलं तेव्हा गल्लीतली माणसं येऊन बघून गेली, आणि प्रत्येकानं दोनच वाक्यं म्हटली. पहिलं, "वा, नॉर्ब." दुसरं, "जाजांनी बघितलं का?"

कॉनीनं त्याला सरळ सांगितलं. "आजच्या आज जा आणि सांगून टाक. अठ्ठ्याऐंशीचे आहेत ते. चेस्टरकाकांसारखं चाळीस वर्षं न बोलायला त्यांच्याकडे वेळ नाहीये, पण जेवढा आहे तेवढा ते तुझ्याशी न बोलता काढतील."

"सांगतो."

"कधी?"

"बघू."

मे उजाडला. जाजा वॉकर टेकत आले, जाकिटाच्या खिशात पांढरा मोजा. नॉर्ब त्यांच्या आधी दोन मिनिटं गॅरेजमध्ये धावला होता. जाजा दारात पोचले तेव्हा नोव्हा तोंड बाहेर करून उभी होती, आणि बॉनेट वर, सताड उघडं. त्याच्या बिजागऱ्या काचेकडे असतात, म्हणजे वर केलं की नाकाड काचेच्या बाजूला लपतं. समोरच्याला फक्त आतली बाजू दिसते. आतल्या बाजूचं भोक झाकायला नॉर्बनं हवेच्या नळांना गुंडाळतात ती चंदेरी गादी बांधली होती. गाडीच्या एका बाजूला गवत कापायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला रंगाचे डबे, आणि बॉनेटखाली टेकू म्हणून झाडूचा दांडा.

"हे काय?" जाजा म्हणाले.

"पेट्रोलचा पंप बघतोय, पपा. आज बंद नाही करता येणार."

"आणि ती गोधडी?"

"इंजिनाच्या उष्णतेनं वरचा रंग जातो. म्हणून."

जाजांनी मोजा परत खिशात ठेवला, घडीची खुर्ची मागवली आणि गाडीसमोर बसले. कॉनीनं बिअर दिली. त्यांनी दुपारभर बॉनेटच्या आतल्या बाजूकडे बघितलं, समुद्राकडे बघावं तसं.

दुसऱ्या आठवड्यात परत आले. मग दर आठवड्याला यायला लागले. प्रत्येक वेळी बॉनेट वर. नॉर्ब मुळात खोटं बोलायला शिकलेलाच नव्हता. पेट्रोलचा पंप संपल्यावर त्यानं पाण्याचा पंप काढला, मग वायरी, मग वायरींचे आणखी काही भाग जे गाडीला असतात की नाही मला माहीत नाही.

"गाडी चालत नाही का?" जूनमध्ये जाजांनी विचारलं.

"चालते की, पपा."

"मग बॉनेट का उघडं?"

"इंजिन थंड होतंय."

"कधीपासून?"

"मेपासून," मी म्हणालो.

नॉर्बनं माझ्याकडे बघितलं. मी फक्त मदत करायला गेलो होतो.

तिकडे कॉनी रोज झाडू परत मागत होती. या भानगडीतून माझा झाडू तरी सोडव, म्हणायची. शेवटी तिनं नवा आणला. रविवारी चर्चनंतर फादरनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अजून वरच आहे का?" मी म्हणालो, "वरच आहे, फादर." ते म्हणाले, "प्रार्थना करतो." कोणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही.

नॉर्ब मात्र वाळत चालला. गंमत बाजूला ठेवून सांगतो. जुलैत एका सकाळी तो कुंपणाशी आला आणि न विचारता बोलला, हेच मुळात विशेष. "त्यांचं ते एक बॉनेट शिल्लक होतं, जेरी. बाकी सगळी भंगारात गेली असतील. ते एक होतं आणि त्याला मी भोक पाडलं."

"मग सांग त्यांना तसं."

"फेरीत बसायचे नाहीत."

"नाही बसले तर नाही बसले."

"पुढच्या वर्षी असतील का?" तो म्हणाला आणि घरात गेला.

फेरीच्या दिवसासाठी त्यानं एक बेत केला होता. चर्चच्या आवारात सगळ्या गाड्या ओळीनं लावून बॉनेटं वर करून ठेवतात, म्हणजे येणारे-जाणारे इंजिनं बघतात. नॉर्ब नोव्हा पहाटेच नेऊन लावणार आणि बॉनेट वर करणार. कॉनी जाजांना मागाहून आणणार. निघायच्या वेळी आधी जाजांना आत बसवायचं, पट्टा लावायचा, मग बॉनेट बंद. एकदा पट्टा लागला की म्हाताऱ्याला सहजी उतरता येणार नाही.

हे त्यानं मला चर्चच्या आवारात सांगितलं. समोर ओळीत पन्नासेक गाड्या जबडे वासून उभ्या होत्या, बाजूला सॉसेज भाजत होते, आणि पलीकडून जाजा जाकीट घालून वॉकर टेकत येत होते.

"नॉर्ब," मी म्हणालो, "आत बसलेला माणूस कुठे बघतो?"

"पुढे."

"पुढे काय असतं?"

नॉर्बनं नोव्हाच्या काचेकडे बघितलं. तिच्यासमोर हातभर अंतरावर ते नाकाड येणार होतं, बैलाच्या नाकपुडीएवढं. अख्खा उन्हाळा त्यानं या बेतावर काढला होता. माप घेतलं होतं, पण पुन्हा भलत्याचंच.

जाजा आले, गाडीसमोर उभे राहिले. शेजारच्या ओळीतले लोक सरकून जवळ आले. सॉसेज भाजणारा चिमटा हातात धरून बघायला लागला.

"पपा," नॉर्ब म्हणाला, "तुम्हाला एक सांगायचंय."

"बॉनेट लाव," जाजा म्हणाले.

"आधी ऐका ना."

"तीन महिने ऐकतोय. लाव ते."

नॉर्बनं झाडूचा दांडा काढला आणि बॉनेट खाली घेतलं. नाकाड वर आलं, उन्हात निळं, ओलं असल्यासारखं चमकत. जाजांनी वॉकर सोडला, गाडीला हात टेकला, आणि खिशातून पांढरा मोजा काढून एकेक बोट नीट बसवत घातला. मग त्यांनी नाकाडावरून हात फिरवला. वरून, कडेनं, तोंडाच्या आतून. उजवी बाजू. मग डावी. डाव्या बाजूला, जिथं नाकाड बॉनेटला मिळतं, तिथं हात थांबला, मागे गेला, परत आला.

"इथं लाट आहे."

"हो," नॉर्ब म्हणाला. त्याचा आवाज फार खाली गेला होता. "शेवटचा जोड तिथं घेतला. तापला पत्रा."

"एका दमात घेतलास."

"हो."

"दमादमानं घ्यायचा असतो. मला विचारायचंस."

कॉनीनं माझा दंड धरला होता. पुढे दोन दिवस तो निळा होता.

"तुम्हाला कधी कळलं, पपा?"

"मेमध्ये." जाजांनी मोजा झटकला. "नोव्हाचं बॉनेट स्प्रिंगवर आपलं आपण उभं राहतं. स्प्रिंग त्याच्या वजनाच्याच मापाची असते. तू त्याला झाडू लावलास. म्हणजे ते जड झालं. बॉनेट कशानं जड होतं?"

पन्नास गाडीवाले तिथं उभे होते आणि उन्हाळाभर त्यातल्या निम्म्यांनी तो झाडू बघितला होता. मी तर रोज बघत होतो.

"मग बोलला का नाहीत?" नॉर्बनं विचारलं.

"तू कधी बोलतोस ते बघत होतो. बिअरही बरी होती."

मला राहवलं नाही. "जाजा, म्हणजे चेस्टरकाकांवरचा रागसुद्धा त्यांनी लपवलं म्हणून होता?"

जाजांनी जरा विचार केला. "नाही," ते म्हणाले. "जपानी होती म्हणून."

नॉर्बनं गाडीचं दार उघडलं. "बसता का, पपा?"

"नाही."

नॉर्ब दार धरून तसाच उभा राहिला. पुढच्या ओळीत गाड्या सुरू व्हायला लागल्या होत्या.

"या लाटेमागे मी बसणार नाही," जाजा म्हणाले. "बॉनेट माझं आहे. हातोडी आहे का डिकीत?"

हातोडी होती. बॉनेट परत वर गेलं, चंदेरी गादी सुटली, झाडू लागला. जाजा म्हणाले, दांडा हाताला अडतोय. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जेरी, तू धर. काहीतरी उपयोग होऊ दे तुझा."

तर त्या दिवशी झाडू मी झालो. दोन्ही हात वर करून मी ते बॉनेट पेललं, आणि खरंच जड होतं ते. नॉर्ब खालून लोखंडी ठोकळा धरून वरून हलकेच ठोकत होता. जाजा मोजा फिरवून सांगत होते. "अजून. इकडे. मारू नकोस, समजाव त्याला. हां. परत." रंगाचा नखाएवढा टवका उडाला. नॉर्ब थबकला. "रंग काय, कुणीही लावतो," जाजा म्हणाले. "चालू ठेव."

आमच्यामागून एकेक करून सगळ्या गाड्या निघून गेल्या. सॉसेजवाल्यानं शेगडी विझवली. फादर जाता जाता मला म्हणाले, "अजून वरच?" मला मान हलवता येत नव्हती.

शेवटी जाजांनी डाव्या कडेवरून मोजा एकदा पुढे नेला, एकदा मागे आणला, आणि तो कुठेही थांबला नाही. त्यांनी तो काढला नाही. तसेच जाऊन पुढच्या सीटवर बसले आणि पट्टा स्वतः लावला.

मी आणि कॉनी मागे बसलो. मुख्य रस्त्यावर पोचलो तेव्हा फेरी केव्हाच नदीपाशी गेली होती. लोक उठून घरी गेले होते, फुटपाथवर रिकाम्या खुर्च्या आणि सांडलेल्या लाह्या होत्या, आणि आमच्यापुढे रस्ता झाडायची पालिकेची गाडी चालली होती. नॉर्बला तिच्यामागून पायी चालल्यासारखं जावं लागलं. एवढा कार्ब्युरेटर, एवढं नाकाड, आणि आत गेली ती सगळी धूळ.

जाजा मात्र पांढरा मोजा घातलेला हात खिडकीबाहेर काढून दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांना हात करत होते, सावकाश, एकही न वगळता. नदी दिसायला लागल्यावर ते समोर नाकाडाकडे बघत म्हणाले, "रस्ता दिसत नाही याच्यामुळे."

"हो, पपा."

"पुढच्या वर्षी मला खाली एक उशी लागेल."

नॉर्बनं आधी आभाळाकडे बघितलं. मग म्हणाला, "ठेवतो."

त्या टवक्याला त्यानं अजून रंग लावलेला नाही. कॉनी रोज आठवण करते. उशी मात्र तिनं लगेच शिवली, आणि ती आत्तापासूनच, ऑक्टोबरात, सीटवर जाऊन पडलीय.